माझा आंधळा पाय आणि मेंगाळ मॅडम

मेंगाळ मॅडमनी मला पयल्यांदा बघितलं तेव्हा मी त्यांच्या दारात पालथा पडलेलो. नमस्कार घालायला नाय. त्यांच्याकडं चपला भायेर काढायच्या असतात. मी एक पाय उचलला आणि खाली बघायचं सोडून भिंतीवरची पाटी वाचायला गेलो. माझी शाळा चौथीपर्यंत, तीपण मास्तर कंटाळले म्हणून सुटली. वाचायला लागलो की माझे ओठ हलतात, आणि ओठांकडं ध्यान गेलं की बाकीचं शरीर वाऱ्यावर. पाटीवरचं 'व्यायाम' एवढं वाचून झालं आणि मी तोंडावर.

मॅडम भायेर आल्या. तिशीच्या आसपास, अंगानं काटकुळ्या, वर पांढरा कोट आणि खाली अनवाणी. कोटाच्या खिशात फुटाणे. एक फुटाणा तोंडात टाकला, माझ्याजवळ उकिडव्या बसल्या, आणि माझ्या तोंडाला नाय, माझ्या डाव्या पायाला विचारलं, "काय रं, कुठं होतास तू?"

मी पडल्या पडल्या बोललो, "मॅडम, मी इथंच होतो."

"तुमाला नाय विचारलं काका. ह्याला विचारते."

ही त्यांची रीतच. माणसाला 'तुमी', माणसाच्या पायाला 'तू'. गुडघ्याला रागवायच्या, खांद्याची समजूत काढायच्या. तिथं एक गंगूआजी यायची, दोन्ही गुडघे गेलेले. तिच्या गुडघ्याला मॅडम एकदा बोलल्या, "वय झालं तुझं, मला मान्य हाय. पण नाटकं कमी कर." आजी खूश. बोलणी गुडघ्यानं खाल्ली, तिला काय नाय.

मॅडमची खोली कर्जतच्या बाजारात, पिठाच्या गिरणीला खेटून. मधली भिंत एकच. गिरणी सुरू झाली की खोलीची फरशी थरथरायची आणि खिडकीतनं पीठ यायचं. व्यायाम करून भायेर पडलेला माणूस थेट थापायला घ्यावा असा दिसायचा.

आता मी तिथं पोचलो कसा ते सांगतो. त्यात माझी अब्रू जाते, पण ती आधीच गेलेली हाय.

माझा धंदा टेंपोचा. साजगावच्या कारखान्यांतला माल इकडं तिकडं टाकायचा. तरणा होतो तेव्हा प्यायचो. लय नाय, पण पडायला पुरेल एवढी. मंग मुलगी मोठी झाली, बायको सुमन मला देवळात घेऊन गेली आणि शपथ घातली. मी शपथ घेताना जरा फुगलो. देवळात चार माणसं बघत होती ना. दारू तर सोडलीच, पण तावातावात मटण, मच्छी, अंडंपण सोडून टाकलं. सुमन हळूच बोलली, "अवो, एवढं कुणी सांगितलंय?" पण आता शब्द गेलेला. दूध मला लहानपणापासून आवडत नाय. पोटात जळजळ व्हायची म्हणून रोज सकाळी एक गोळी, वर कोरा चहा. अशी पाचसहा वर्षं काढली आणि एक दिवस बघतो तर पाय माझे नायत.

म्हणजे जागेवर होते. पण डोळे मिटले की कुठं गेले ते कळायचं नाय. पयलं वाटलं, चप्पल खराब. तीन जोड बदलले. चौथा घ्यायला गेलो तेव्हा दुकानदार बोलला, "बाळूशेठ, चपला ठीक हायत, तुमी आतून बदला." तोंडाला साबण लावला, डोळे मिटले, की मोरीत आडवा. अंधार पडला की झोकांड्या. पाय जमिनीला लागला का नाय ते कळावं म्हणून मी पाय आपटत चालायचो, धप धप धप. आळीतली पोरं बोलायची, मिरवणूक आली.

सगळ्या गावानं ठरवलं, बाळ्यानं पुन्हा सुरू केली. ज्या काळात पीत होतो तेव्हा सरळ चालायचो, तेव्हा कुणी कौतुक केलं नाय. सोडली तर झोकांड्या. सुमन रोज संध्याकाळी माझं तोंड हुंगायची. मी घरात शिरल्या शिरल्या तोंड पुढं करायचो, नाक्यावर पोलिसासमोर करतात तसं. वास येत नाय म्हणून तिला जास्तच भीती. एक दिवस ती रडतच बोलली, "खरं सांगा, बिनवासाची कुठली मिळते?"

शेवटी खोपोलीच्या डॉक्टरनं रक्त तपासलं. बी-बारा नावाचं एक व्हिटॅमिन असतं, ते माझ्या अंगात नावालापण नव्हतं. डॉक्टर बोलले, "टेंपो बंद. एकतर मटण-मच्छी खा, नायतर सुया घे." मी बोललो, "सुया द्या. शपथ चार माणसांसमोर घेतलीय." सुया लागू झाल्या आणि पायांसाठी डॉक्टरनी मेंगाळ मॅडमकडं धाडला.

पयल्याच दिवशी मॅडमनी मला खाटेवर झोपवलं, बरोबर आलेली सुमन शेजारी उभी. "काका, डोळे मिटा. मी तुमचा अंगठा हलवते. वर केला का खाली, तेवढं सांगा."

ह्यात काय कठीण? मी डोळे मिटले. आणि मला काय पण कळंना. अंगठा हाय का गेला, इथनं सुरुवात. पण पुरुषासारखा पुरुष, स्वतःच्या अंगठ्याचा पत्ता नाय असं कसं सांगायचं? मी तरणेपणी आकडे लावायचो, ती विद्या कामाला आली. "वर," बोललो. "खाली. वर. वर. खाली." लागोपाठ तीन वर आले तर आता खाली येणारच, असा हिशोब.

दहा वेळा झालं. मॅडम बोलल्या, "पाच बरोबर."

मी छाती फुगवून सुमनकडं बघितलं. "बघ, निम्मं बरोबर."

"पाच म्हणजे नापास काका. तुमी मटका लावत होतात." फुटाणा खाल्ला. "दहाच्या दहा चुकले असते तर मी पास केलं असतं."

"आं? दहा चुकले तर पास?"

"दहाच्या दहा चुकायला आधी बरोबर काय ते म्हायती लागतं. पाच बरोबर यायला काय लागत नाय."

सुमनला एवढं हसू आलं की ती भायेर गेली. लग्नाला वीस वर्षं झाली, मी तिला एवढी हसवली नव्हती.

मंग मॅडमनी मला रोग समजावला. मला आजपर्यंत लय लोकांनी लय गोष्टी समजावल्या, ही एक समजली. बोलल्या, "मेंदू हुकूम देतो, पाय उचल. ती तार वरून खाली येते. मांसाला हुकूम पोचला की मांस आखडतं, पाय उचलतो. तुमची ती तार चांगली हाय, ताकद बैलाची हाय. पण पाय उचलला का, किती उचलला, कुठं टेकला, ही खबर खालून वर जायला पायजे. मांसात बारीक बारीक धागे असतात. ताणले की लगेच खबर देतात. सांध्यातनं जाते, तळव्याच्या कातडीतनं जाते. सगळी पाठीच्या कण्यातनं वर. ती वर जाणारी तार तुमची सोलवटलीय. तारेवरचं रबर ह्या बी-बारानं टिकतं."

मी बोललो, "म्हणजे इंजिन चालू, पण डिझेलचा काटा बंद."

मॅडमनी फुटाणा हातात धरून माझ्याकडं बघितलं. "कुठं शिकलात?"

"चौथी."

"काटा बंद असला तर टेंपो कसा चालवता?"

"टाकीचं झाकण काढून डोळ्यानं बघतो."

"तेच चाललंय तुमचं. पाय आंधळा झालाय आणि डोळा त्याला हात धरून नेतोय. डोळ्यानं किती दिवस ही ड्युटी करायची? त्याला दुसरी कामं नायत?"

मॅडम ठाकर समाजाच्या. ठाकुरवाडीच्या वरच्या अंगाला डोंगरात त्यांची वाडी. आश्रमशाळेत शिकल्या, मंग मुंबईला कॉलेज. लहानपणी दिवसभर घाटातल्या आगगाड्या बघायच्या. घाट उतरणारी आगगाडी ठाकुरवाडीला थांबते. माणूस चढायला नाय, उतरायला नाय. ब्रेक लागतो का ते बघायला. मंग पुढं खाली.

"एवढी मोठी गाडी," मॅडम बोलायच्या, "कुणाच्या बापाला भीत नाय. तरी घाटात थांबून आपल्या ब्रेकला विचारते, हायेस ना? तुमी तर छोटा टेंपो. पायाला विचारा काका. न बघता विचारा."

हे त्यांचं कायमचं बोलणं. सकाळी उठल्यावर पायाला विचारा. भाकरी खाताना पाटाखाली पाय कुठं हायत ते बघू नका, विचारा. भिंतीला पाठ लावून उभं रायचं, सुमननं समोर हात धरून थांबायचं, आणि मी डोळे मिटून माझ्या पायांना विचारायचं. पयला महिनाभर पाय उत्तर देत नव्हते. मी मोठ्यानं विचारायला लागलो. "डाव्या, हायेस का रं?" शेजारच्या घरातनं आवाज यायचा, "बाळ्या, डावा माझ्याकडं आलेला नाय."

पण हसण्याखाली एक गोष्ट मला खात होती. टेंपो. दारात प्लॅस्टिक पांघरून उभा होता, वारलेल्या माणसागत. मला दुसरं काय येत नाय. चार टनाचा माल अरुंद गल्लीत उलटा घालायचा, आरशात बघून, विताचं अंतर ठेवून, एवढी एकच विद्या देवानं मला दिली, आणि ती सगळी पायात होती. मी रोज मॅडमना विचारायचो, "टेंपो कधी?" त्या बोलायच्या, "मला काय विचारता?" आणि बोटानं खाली पायाकडं दाखवायच्या.

दोनेक महिन्यांनी माझा मेव्हणा आला. गोड माणूस. बोलला, "भावोजी, गाडी उभी राहून सडते. मी घेतो की." मी 'बघू' बोललो. तो जाताना सहज सीटवर बसला आणि आरसा त्याच्या उंचीला फिरवून गेला.

त्यानं शिवी दिली असती तर चाललं असतं. पण आरसा फिरवला. दुसऱ्या दिवशी सुमन कामाला गेली, मी प्लॅस्टिक काढलं, आरसा पयला माझ्याकडं फिरवला, आणि स्टार्टर मारला.

इंजिनाचा आवाज ऐकून डोळ्यांत पाणी आलं. गियर टाकला. रस्त्याकडं बघितलं की पाय कुठं तो कळंना. पायाकडं बघितलं की रस्ता कुठं तो कळंना. एकदा खाली, एकदा वर, एकदा खाली, एकदा वर, कोंबडी पाणी पिते तशी माझी मान. तिसऱ्यांदा वर बघितलं तर रस्ता नव्हता, शेजाऱ्याच्या पेंढ्याची उडवी होती. ब्रेक समजून मी जो पाय दाबला तो रेसवर.

उडवी माणसाला लागत नाय, पण पुरते. काचेवर पेंढा, टपावर पेंढा, खिडकीतनं आत पेंढा. मी भायेर आलो तेव्हा केसांत, कानांत, चड्डीत पेंढा. शेजारी दात घासत होता. तो ब्रश तोंडात ठेवूनच बोलला, "आज सकाळीच?"

सुमननं मॅडमना सांगितलं. मी मनात चार विनोद तयार ठेवलेले. मॅडमनी आधी खिशातले सगळे फुटाणे काढून डब्यात ओतले. मला तेव्हाच कळायला पायजे होतं. आवाज न वाढवता बोलल्या, "काका, उडवीच्या जागी अंगणवाडीची पोरं असती तर?"

चारातला एकपण विनोद भायेर आला नाय. मी खाली बघत बसलो. गंगूआजीनं गुडघे शेकायचं थांबवलं. मी रडलो, खोटं कशाला सांगू. बोललो, "मॅडम, पाय परत येत नसतील तर तसं सांगा. मी गाडी मेव्हण्याला देतो. पण दारात उभी बघवत नाय."

मॅडम माझ्यासमोर उकिडव्या बसल्या. मंग माझ्या पायाला नाय, मला बोलल्या. "काका, सगळी तार परत येईल का ते मला म्हायती नाय. कुणालाच नाय. जेवढी हाय तेवढीला बोलायला शिकवायचं. तुमी सीटवर कधी बसायचं ते मी सांगीन. बसायचंच नाय असं सांगायची वेळ आली तर तेपण मीच सांगीन, मेव्हणा नाय. कबूल?"

"कबूल."

दुसऱ्या दिवशी गेलो तर खुर्चीसमोर फरशीवर तीन विटा. एकीला गोणपाट गुंडाळलेलं, एक उघडी, तिसरीवर जुन्या चपलेचं रबर. "हा क्लच, हा ब्रेक, ही रेस. डोळ्यांवर पट्टी. मी बोलीन तिथं पाय."

आणि नुसत्या मॅडम बोलतील तर ती खोली कसली! सगळे पेशंट रस्ता झाले. खांदा धरलेला एक मास्तर होता, तो हॉर्न. गंगूआजी स्वतःहून बोलली, "मी रस्ता वलांडणारी म्हातारी." मी डोळे बांधून खुर्चीत, स्टिअरिंग म्हणून दोन्ही हातांत ताट धरलेलं. मॅडम बोलायच्या, "रेस... रेस... क्लच..." आणि मधेच आजी किंचाळायची, "अरं आले रं मी आडवी!" मी धाडकन पाय मारायचो. पाय गोणपाटाच्या विटेवर पडायचा.

"मेले!" आजी वरडायची. "क्लच दाबलास मुडद्या, मेले मी!"

पयल्या आठवड्यात मी आजीला रोज वीस-पंचवीस वेळा मारली. ती मोजायची. घरी जाताना माझ्या सुमनला सांगायची, "आज बावीस वेळा गेले. काल सत्तावीस. सुधारतोय." एक दिवस ती आलीच नाय तेव्हा मी दोनदा दारात जाऊन बघून आलो. मॅडम बोलल्या, "नातीकडं गेलीय काका. तुमी नाय मारली."

मॅडमना शाब्बास बोलायची सवय नाय. बरं झालं की त्या खिशात हात घालून मूठभर फुटाणे समोर धरायच्या, काय न बोलता. ती पदवी. मास्तरला मिळाली, आजीला दोनदा मिळाली. मला चार महिन्यांत एक फुटाणा नाय.

मंग एक दिवस मी डोळ्यांवर पट्टी बांधून बसलेलो, आणि तळव्याला काहीतरी चावल्यागत झालं. बारीक, शिरशिर. मी पाय वर घेऊन ओरडलो, "मॅडम! मुंग्या! फरशीवर मुंग्या सुटल्यात!"

"कुठं?"

"इथं, विटेच्या पुढं! उजव्याला जास्त हायत! डाव्याला थोड्या!"

मी पट्टी काढली. फरशी स्वच्छ. एक मुंगी नाय. सगळे माझ्याकडं बघत होते, आणि मॅडमचा चेहरा असा झालेला की मला वाटलं मी पुन्हा काय तरी मोडलं.

मॅडम हळूच बोलल्या, "काका, गिरणी सुरू झालीय."

चार महिने मी रोज त्या खोलीत बसलो होतो. गिरणीचा आवाज मला ऐकू यायचा, पण फरशी थरथरते हे लोकांनी सांगितलेलं. माझ्या पायांनी ते कधीच सांगितलं नव्हतं. मी पाय परत खाली ठेवला, भीत भीत, गरम पाण्यात ठेवतात तसा. होत्या. मुंग्या होत्या. फरशी बोलत होती आणि माझा पाय ऐकत होता.

गंगूआजीनं आपले गुडघे सोडून टाळ्या वाजवल्या. मास्तरनं एका खांद्यानं जमेल तेवढा हॉर्न वाजवला. मॅडम भायेर गेल्या, भिंतीपलीकडं गिरणीवाल्याला सांगून आल्या, "आज दळण संपलं तरी पाच मिनिटं बंद करू नको." त्यानं मोकळी गिरणी चालवली. मी दोन्ही पाय फरशीला चिकटवून बसलो आणि वेड्यासारखा हसलो. एवढ्या मोठ्या माणसाला गिरणीनं गुदगुल्या केल्या.

त्या दिवशी फुटाणे मिळाले. ओंजळभर. मी खाल्ले नायत, घरी नेऊन सुमनला दिले. तिनं सवयीनं आधी माझं तोंड हुंगलं.

पुढं पाय हळूहळू येत रायला, पूर्ण नाय. अजूनही अंधारात मी जरा झोकांडतो, आणि अंगठ्याच्या परीक्षेत दहापैकी आठ. पण ते आठ माझे हायत, मटक्याचे नायत. मोठ्या डॉक्टरनं दोनदा तपासलं, मोकळ्या मैदानात गाडी चालवून बघितली आणि कागद दिला, दिवसा चालवायला हरकत नाय. मी कागद घडी करून खिशात ठेवला आणि आठ दिवस टेंपोला हात लावला नाय. सुमन बोलली, "अवो, कागद मिळाला ना?" मी बोललो, "परवानगी कागदानं दिली. मॅडमनी नाय दिली."

आणि मॅडम तर निघालेल्या. वाडीतल्या शाळेची एक खोली रिकामी पडलेली, तिथं त्यांनी आपलं काम हलवायचं ठरवलं. बोलल्या, "आमच्या माणसांना खाली यायला दिवस मोडतो. येतात तेव्हा पाय वाकडा होऊन बसलेला असतो." कर्जतला दुसऱ्या मॅडम येणार होत्या. गंगूआजीनं दोन दिवस जेवण टाकलं, तिसऱ्या दिवशी नव्या मॅडमना बघून घेतलं आणि जेवली.

शेवटच्या दिवशी मी निरोप घ्यायला गेलो. खोलीत सामान बांधलेलं. गिरणीवाला सांगत होता, "मॅडम, माझ्या भावाचा टेंपो हाय, आता बोलावतो."

मॅडम गाठोडं बांधता बांधता बोलल्या, "नको. टेंपो ठरलाय. काका, उद्या सकाळी नवाला घेऊन या."

मला कळलंच नाय. बोललो, "येतो की. पण चालवायला कुणाला आणू?"

मॅडमनी गाठ आवळली आणि बोलल्या, "टेंपो कुणाचा हाय?"

रात्रभर मला झोप नाय. सुमनला पण नाय, ती देवाला काय काय बोलली ते तिलाच म्हायती. सकाळी आंघोळ करून, शर्ट इस्त्रीचा घालून मी नवाला कर्जतला हजर. मॅडम माझ्या शेजारी बसल्या, मागं सामान: घडीची खाट, गाद्या, विटा, चेंडू, पट्ट्या, एक आरसा. पळसदरी मागं पडली, रस्ता अरुंद झाला. मी मान एवढी ताठ ठेवलेली की मॅडम बोलल्या, "काका, लग्नाचा फोटो नाय काढायचा."

एका वळणावर म्हैस आली. झुडपातनं सरळ रस्त्यात, माझ्याकडं बघत उभी. टेंपो थांबला. म्हशीनं विचार केला आणि गेली. मी पुन्हा गियर टाकला, चार-पाच झाडं मागं गेली, तेव्हा कुठं माझ्या टाळक्यात उजेड पडला. थांबवला कुणी? मी खाली बघितलंच नव्हतं. मी पायाला विचारलंपण नव्हतं. तो माझ्या आधी तिथं जाऊन, काम करून, परत येऊन बसला होता, शहाण्या बैलागत.

मी मॅडमकडं बघितलं. त्या खिडकीतनं भायेर बघत होत्या आणि त्यांचे खांदे हलत होते. हसत होत्या का काय, मी विचारलं नाय. मला रस्ता बघायचा होता.

डांबर संपलं तिथं वाडीतल्या पाचसहा बाया उभ्या. इथनं पुढं पायवाट, वर डोंगर. बायांनी मॅडमना मिठ्या मारल्या, त्यांच्या बोलीत काय काय बोलल्या, माझ्याकडं बघून हसल्या. ते मला न समजता समजलं. मॅडमनी कोट काढून पिशवीत कोंबला, ओढणीची चुंबळ केली, आणि लोखंडी खाट, जी टेंपोत चढवायला गिरणीवाला आणि मी दोघं लागलेलो, ती एका बाईनं हात लावून त्यांच्या डोक्यावर दिली. मॅडम चालायला लागल्या. खडी चढण, सुटे दगड, अनवाणी पाय. डोक्यावर खाट म्हणजे मान खाली वळायचा प्रश्नच नाय. थोडं वर गेल्यावर त्यांनी खाटेवरचा एक हात सोडला. दुसरापण सोडला. मागच्या बाईला काय तरी गोष्ट सांगत होत्या आणि दोन्ही हात हवेत नाचवत होत्या. मला वाटतं म्हशीची असावी, कारण मधेच ताठ मानेची नक्कल केली आणि सगळी रांग हसली. एकीचा पाय चुकला नाय.

मी तोंड उघडं टाकून बघत उभा. टेंपो रिकामा झाला म्हणून फाळका लावायला गेलो तर आत कोपऱ्यात एक उशी.

"मॅडम!" मी ओरडलो. "उशी रायली!"

वरून आवाज आला, "मंग आणा की वर!"

मी चढणीकडं बघितलं. वर वळणावर मॅडम थांबल्या होत्या, डोक्यावर खाट तशीच, दोन्ही हात कमरेवर, माझी वाट बघत. बाया पण थांबल्या. एवढ्या बायांसमोर उशी काखेत मारून जाणं बरं दिसंना, म्हणून मीपण ती डोक्यावर घेतली आणि वर बघून निघालो.

दोनदा पडली. उशी. मी नाय.